मेजावरचं रणांगण (भाग ४) : पहिला डाव साखरखेर्ड्याचा

पहिला डाव पानिपतचा मांडू नका. युद्धखेळाकडे नव्याने वळलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी पानिपतच मागतो, आणि त्यामागची ओढ मला पुरती कळते. जी लढाई लहानपणापासून कानावर आहे ती आपल्या हाताने मांडावी, भाऊसाहेबांच्या जागी उभं राहून निर्णय घ्यावेत, असं वाटणारच. पण पानिपत म्हणजे गारद्यांच्या पलटणी, अफाट घोडदळ, उंटांवरच्या जंबुरका, मागे बुणग्यांचा प्रचंड तळ. नियम नुकते कुठे कळू लागलेत आणि त्यात हे सगळं सांभाळायचं, हे नवख्याला जमत नाही. अर्धी फौज रंगवून होण्याआधीच खोका माळ्यावर जातो.

पालखेडचीही घाई नको, पण कारण अगदी उलटं. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांनी निजामाला समोरासमोर ठोकून हरवलं नाही. त्याला पळवलं, दमवलं, पाणी आणि रसद तोडून कोंडलं. तो डाव नकाशावर रंगतो. मेजावर मांडायला गेलात तर जे घडून गेलंय त्याचा फक्त शेवट हाती लागतो.

पहिल्या डावाला अशी लढाई हवी, जी एका दिवसात आणि उघड्या रानात झाली, जिचा निकाल स्पष्ट लागला आणि जिच्यात एकच मोठा प्रश्न आहे. अशी लढाई बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्ड्याला झाली. तारीख ११ ऑक्टोबर १७२४.

हकिगत थोडक्यात सांगतो, कारण नियम तिच्यातूनच निघणार आहेत. निजामुल्मुल्क दिल्लीत वजीर होता. दरबाराच्या कारस्थानांना कंटाळून तो १७२३ च्या अखेरीस राजधानीतून निघाला आणि पुढे दख्खनकडे वळला. बादशहा मुहम्मदशहाला ते नको होतं. त्याने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला दख्खनची सुभेदारी देऊन निजामाच्या अंगावर घातलं. त्याआधी, मे महिन्यात, धारजवळ नालछा इथे निजाम आणि बाजीराव यांची भेट झाली होती, आणि मराठे निजामाच्या बाजूला झुकले होते. मुबारिजखान हैदराबादेहून औरंगाबादच्या रोखाने निघाला, निजाम त्याला आडवा गेला आणि गाठ पडली ती साखरखेर्ड्याला. मुबारिजखान आणि त्याची दोन मुलं रणात पडली. निजामाने गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं. गावाने मात्र आपलं जुनं नाव सोडलं नाही. पुढच्या वर्षी बादशहाने त्याच निजामाला आसफजाह हा किताब दिला. बाजीराव या लढाईत निजामाच्या बाजूने होते आणि त्याबद्दल निजामाने त्यांना सात हजारी मनसब दिली. बाजीराव तेव्हा २४ वर्षांचे, निजाम ५३ वर्षांचा. चारच वर्षांत हे दोघे पालखेडला एकमेकांसमोर उभे ठाकणार होते.

हैदराबादचं जे राज्य १९४८ पर्यंत टिकलं, त्याचा पाया या रानात घातला गेला. तरी शाळेच्या पुस्तकात साखरखेर्ड्याला जेमतेम एखादी ओळ मिळते, याचं मला वाईट वाटतं. इथून फार लांब नसलेल्या असईच्या लढाईवर, १८०३ च्या, इंग्लंडमधले हौशी खेळाडू वर्षानुवर्षं डाव मांडत आले आहेत. वेलस्लीचा कैलना नदीचा उतार त्यांना तोंडपाठ असतो. साखरखेर्ड्याची तयार पेटी बाजारात नाही. ती आपणच करायची आहे, आणि शिकण्यासाठी त्याहून चांगली गोष्ट नाही.

आता मेज. तीन फूट बाय तीन फूट जागा पुरे. जेवणाचं टेबल चालेल, जमिनीवर चादर अंथरली तरी चालेल. मातकट रंगाचं जाड कापड घ्या आणि त्याच्याखाली घडी घातलेली वर्तमानपत्रं सारून एकदोन सौम्य चढ करा. एका कडेला गाव : पुठ्ठ्याची चारपाच घरं आणि एक गढी. मध्येच एखादा नाला, निळ्या रंगाची फीत न लावता गडद तपकिरी पट्टीने दाखवलेला, कारण इथला नाला दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला पाण्यापेक्षा चिखलाचा जास्त असतो. आणि ज्वारी. आज या शिवारात सोयाबीन दिसतं, पण १७२४ मध्ये ते नव्हतं. खरिपाची उंच ज्वारी ऑक्टोबरात उभी असते आणि तिच्यात माणूस सहज लपतो. काथ्याच्या जुन्या पायपुसण्याचे तळहाताएवढे तुकडे कापा, वरच्या टोकांना पिवळसर रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. झालं ज्वारीचं शेत. ज्याने लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे, पोत्यावर माती लिंपली आहे, अळीव पेरून हिरवळ उगवली आहे, त्याला यातलं काहीच नवीन नाही. त्या किल्ल्यावर मावळे नुसते उभे राहायचे. इथे त्यांना चालवायचं आहे.

मावळ्यांवरून आठवलं. नवखे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त उमेद घालवतात ती सैनिकांवर. २८ मिलिमीटरचे धातूचे किंवा रेझिनचे सैनिक देखणे असतात, पण बाहेरून मागवायचे तर महाग पडतात. १/७२ मापाचे प्लॅस्टिकचे स्वस्त असतात. मी म्हणतो, पहिल्या काही डावांना दोन्ही नकोत. जाड कार्डशीटचे तुकडे कापा, घोडदळाला ६ सेंटिमीटर बाय ३, तोफेला ४ बाय ४, हत्तीला ५ बाय ५. निजामाचे एका रंगाचे, मुबारिजखानाचे दुसऱ्या, बाजीरावांचे भगवे. यात कमीपणा काही नाही. आधुनिक युद्धखेळाची सुरुवातच अशी झाली. प्रशियाच्या लष्करातला तरुण अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये, म्हणजे साखरखेर्ड्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, आपले नियम छापले. त्याच्या फौजा म्हणजे १:८००० प्रमाणाच्या नकाशावर सरकवायचे लाल-निळे ठोकळे होते. एक पाळी म्हणजे रणातली दोन मिनिटं, निकाल फाशांवर आणि वर एक पंच. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी तो खेळ प्रशिक्षणासाठी उचलला. देखणे सैनिक दिवाणखान्यात आणून हौशी माणसांचा खेळ केला तो एच. जी. वेल्सने, १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात. तेव्हा आधी खेळा, मग रंगवा. कुठली तुकडी कशी लढते हे कळल्यावर तिच्यावर ब्रश फिरवताना हात वेगळा चालतो.

मुबारिजखानाला घोडदळाच्या चार तुकड्या, एक तोफ आणि त्याचा स्वतःचा हत्ती द्या. निजामाला घोडदळ तीन, तोफा दोन, हत्ती एक. बाजीरावांच्या घोडदळाच्या दोन तुकड्या आधी मेजाबाहेर. ही वाटणी खेळासाठी केलेली आहे, ती फौजांची गणती समजू नये.

चाल सोपी ठेवली आहे. मोजपट्टी घ्या : एका पाळीत घोडदळ २० सेंटिमीटर, हत्ती १५. तोफ ५ सेंटिमीटर सरकेल किंवा डागली जाईल, दोन्ही नाही. पावसाळा नुकता सरलेला, जमीन काळी, चाक रुतणारच. ज्वारीतून आणि नाल्यातून सगळ्यांची चाल निम्मी. ज्वारीतल्या तुकडीवर तोफ डागता येत नाही. तोफेचा पल्ला ४० सेंटिमीटर, दर वेळी दोन फासे. लांबून ५ किंवा ६ पडला तर घाव, २० सेंटिमीटरच्या आत ४ पडला तरी घाव. हातघाईत घोडदळ आणि हत्ती तीन-तीन फासे टाकतात, तोफेजवळचे गोलंदाज एकच. तिथे ४, ५, ६ म्हणजे घाव. चार घाव झाले की तुकडी मोडली, उचलून बाजूला ठेवा. सापशिडीतले फासे चालतील.

एवढं नियमपुस्तक पोस्टकार्डावर मावतं. आता उरला तो एक नियम, ज्याच्यासाठी ही लढाई निवडली.

मुघली फौजेचा सेनापती हत्तीवर का बसायचा? सगळ्यांना दिसावा म्हणून. तो दिसतो तोवर माणसं लढतात, हौदा रिकामा दिसला की पाय काढतात. १५५६ मध्ये हेमूच्या डोळ्यात बाण लागला आणि जिंकत आलेली लढाई फिरली. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, आणि मागच्यांना वाटलं की तो पडला. मुबारिजखान पडला तेव्हा साखरखेर्ड्याला लढाई संपली. म्हणून नियम असा : हत्तीपासून १५ सेंटिमीटरच्या आत असलेल्या आपल्या घोडदळाला हातघाईत एक फासा जास्त. पण हत्तीला लागलेल्या प्रत्येक घावागणिक एक फासा टाकायचा. ६ पडला तर सेनापती ठार. चार घावांनी हत्ती मोडला तरी सेनापती गेलाच समजायचं. तो गेला की त्याच्या प्रत्येक तुकडीने एकेक फासा टाकायचा. ४, ५, ६ पडला तर तुकडी टिकली, नाहीतर रान सोडून गेली.

हा नियम कसा बोलतो ते एका प्रसंगात पाहा. मुबारिजखानाचं घोडदळ निजामाच्या तोफेपासून ३५ सेंटिमीटरवर आहे. तोफ डागली, फासे पडले ५ आणि २, एक घाव. घोडदळ २० सेंटिमीटर दौडलं, १५ उरले. तोफ पुन्हा डागली, आता जवळून, ४ आणि ६, दोन घाव. तुकडीला तीन घाव झाले आहेत, चौथ्याला ती मोडेल. पुढच्या पाळीत ती तोफेला भिडणार, तीन फाशांनी. तीन फाशांत सरासरी दीड घाव होतो. हत्ती जवळ आणलात तर चार फासे, सरासरी दोन घाव. म्हणजे तोफ दोन पाळ्यांत हाती येईल, नाहीतर तिसरी पाळी लागायची शक्यता मोठी, आणि तेवढा वेळ त्या जखमी तुकडीकडे नाही. पण हत्ती तिथवर आणला की निजामाची दुसरी तोफ, जी तोवर मोकळी आहे, त्याच्याकडे वळते. सहातली एक शक्यता, प्रत्येक घावाला. हत्तीने तीन घाव सोसले, तोवर सेनापती जिवंत राहण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त. चौथ्या घावाला हत्तीच राहत नाही.

आणायचा की नाही? या क्षणी नवखा खेळाडू पहिल्यांदा गप्प होतो आणि मेजाकडे टक लावून बघतो. मुबारिजखान पुढे का गेला असेल हा प्रश्न पुस्तकात वाचताना पडत नाही. इथे तो तुमच्या हातात असतो आणि समोरचा वाट बघत बसलेला असतो.

आता बाजीराव. तिसऱ्या पाळीपासून दर पाळीच्या सुरुवातीला एक फासा. तिसऱ्या पाळीत ६ पडला तर, चौथीत ५ किंवा ६, पाचवीपासून ४, ५, ६ पडला तर त्यांच्या दोन तुकड्या मेजाच्या कुठल्याही कडेने येतात, गावाची कड सोडून. दोघांत खेळत असाल तर त्या निजामाने चालवाव्यात. पण तिसरा गडी मिळाला तर सोडू नका. बाजीराव त्याच्याकडे द्या आणि त्याचं उद्दिष्ट वेगळं ठेवा. मराठ्यांना १७१९ च्या सनदांनी मिळालेली दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी टिकवायची होती. निजामाच्या विजयासाठी आपली घोडी मारून घेणं हा त्यांचा हेतू असायचं कारण नव्हतं. म्हणून निजाम जिंकला आणि बाजीरावांच्या दोन्ही तुकड्या दोनपेक्षा जास्त घाव न घेता उरल्या, तरच बाजीराव खेळणारा जिंकला. हातघाईत एकदाही न उतरता बाजूला उभा राहिला तर मात्र मनसब नाही, तो हरला. निजाम खेळणारा तिकडून सारखा हाका मारत असतो, की आता तरी घाला घोडी! आणि बाजीराव म्हणतो, अजून एक पाळी बघू. इतिहासाच्या तासाला ज्या मुलाला सनदांचा कंटाळा आला होता, तो इथे त्यांच्यासाठी तावातावाने भांडतो.

पहिला डाव संपायला दीड-दोन तास लागतील, कारण दर चालीला नियमांचं पोस्टकार्ड बघावं लागेल. दुसऱ्याला निम्मा वेळ. बाजू बदलून खेळाच. ज्याने मुबारिजखान हरवला त्याने मुबारिजखान होऊन बघावं. डाव चालू असताना नियमावरून अडलं तर फासा टाका, पुढे चला आणि वाद वहीत लिहून ठेवा. दोन डावांच्या मध्ये एकच नियम बदला, एकदम चार नको, नाहीतर कशाने काय फरक पडला ते कळत नाही. माझी सूचना विचाराल तर आधी तोफेच्या पल्ल्याशी खेळून बघा. ४० चा ३० केला की घोडदळाचं तोंड उजळतं आणि हत्तीला मागे राहायला जागा मिळते.

शक्य असेल त्यांनी खुद्द साखरखेर्ड्याला जाऊन यावं. प्रल्हाद महाराजांमुळे आणि पळसिद्ध मठामुळे तिथे माणसं जातातच. सिंदखेडराजाचा राजवाडा आणि लखुजी जाधवांची समाधी वाटेत होते. गावाबाहेरच्या रस्त्यावर थांबून बघा, की घोड्यावरच्या माणसाला किती लांबचं दिसेल आणि हत्तीवरच्याला किती. चढ कुठे आहे, नाला कुठून वळतो, हे कागदावर काढून आणा आणि मेजावरची वर्तमानपत्रं त्याप्रमाणे पुन्हा सारा.

पुढच्या आठवड्यात रंगकाम : घोड्यांचे रंग, हौद्याची झूल, आणि शून्य नंबरच्या ब्रशने डोळे काढण्याच्या भानगडीत सुरुवातीला का पडू नये. तोवर कार्डशीट कापून ठेवा.