ज्येष्ठांसाठीच्या संस्था म्हणजे फक्त वृद्धाश्रम नव्हेत

वृद्धांचा विषय निघाला की मराठी घरांतली चर्चा बहुतेक वेळा दोनच ठिकाणी जाऊन थांबते: मुलांची कृतघ्नता आणि वृद्धाश्रम. साठी ओलांडलेल्या माणसाला या देशात कायद्याने दिलेले काही हक्क आहेत, ही गोष्ट तिसऱ्या क्रमांकावरही येत नाही. ते हक्क प्रत्यक्ष हातात पडावेत म्हणून सेवाभावी संस्था, कामगार संघटना आणि ज्येष्ठ नागरिक संघ एकमेकांना धरून काम करतात, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं. या कामाभोवती गैरसमज पुष्कळ आहेत. त्यांतल्या काहींची किंमत म्हाताऱ्या माणसांना दरमहा मोजावी लागते.

"हा प्रश्न शहरातला, मुलं परदेशी गेलेल्या आईवडिलांचा"

मोठी सदनिका, दोघंच आजी-आजोबा आणि अमेरिकेतून येणारा फोन हे चित्र कथा-नाटकांनी इतकं ठसवलं आहे की तेच सगळं म्हातारपण वाटू लागतं. २०११च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरची सुमारे १०.३८ कोटी माणसं नोंदली गेली. त्यांतली जवळपास ७१ टक्के खेड्यांत राहत होती. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर वार्धक्याची मोठी पाहणी केली. तिच्यात दिसलं की साठीपुढच्या दर तिघांमागे एकाहून अधिक जण तेव्हाही काम करत होते आणि त्यांतले बहुतेक शेतीत किंवा असंघटित क्षेत्रात होते. एकटं राहणाऱ्यांचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं, पण पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते कितीतरी अधिक होतं.

म्हणजे या प्रश्नाचा खरा चेहरा खुरपणीला जाणाऱ्या विधवेचा आहे, पाठीवर पोतं वाहून गुडघे गेलेल्या हमालाचा आहे. ज्येष्ठांसाठी समन्याय म्हणायचं तर सुरुवात यांच्यापासून करावी लागते.

"पेन्शन म्हणजे निवृत्त कर्मचाऱ्यांची गोष्ट"

केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी आहे. तिच्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयापर्यंत महिना २०० रुपये आणि ८० वर्षांपुढे ५०० रुपये. हे २०० रुपये जवळपास दोन दशकं तेवढेच राहिले आहेत. महाराष्ट्रात राज्याच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची भर पडून २०२३ पासून १,५०० रुपये मिळू लागले. पण इथे वयाची अट ६५ वर्षं आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. बारा महिन्यांत विभागली तर ही मर्यादा १,७५० रुपयांची होते. महिन्याला त्याहून चार पैसे अधिक मिळवणारं घर सरकारच्या लेखी आपल्या म्हाताऱ्यांना पोसू शकतं! ही मर्यादा आजच्या महागाईत अन्यायाची आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

या प्रश्नावर संस्थांनी एकत्र येऊन काय साधलं, त्याची एक गोष्ट पुण्याशी जोडलेली आहे. बाबा आढावांनी १९५५ मध्ये उभी केलेली हमाल पंचायत कष्टकऱ्यांच्या म्हातारपणाचा प्रश्न फार जवळून पाहत होती. अंगातली ताकद संपली की हमालाची कमाई त्याच दिवशी संपते; त्याला ना निवृत्तीचा निरोपसमारंभ, ना भविष्यनिर्वाह निधी. २०१२ मध्ये बाबा आढाव आणि राजस्थानातल्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषद उभी राहिली. देशभरच्या कामगार संघटना आणि सामाजिक संस्था तिच्यात आल्या आणि दिल्लीत जंतरमंतरवर कष्टकरी म्हातारे-म्हाताऱ्या धरणं धरून बसल्या. किमान वेतनाच्या निम्मी किंवा दोन हजार रुपये, यांतली जी अधिक असेल ती पेन्शन मिळावी, अशी त्यांची मागणी होती. अन्नदान करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने जो 'लाभार्थी' होता, तो इथे मागणी करणारा नागरिक झाला. मागणी अजून पुरी झालेली नाही. पण असंघटित कामगाराच्या म्हातारपणाचा खर्च समाजाने उचलायचा की नाही, हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर मांडायला एकटी हमाल पंचायत किंवा राजस्थानातली एकटी संघटना पुरी पडली नसती.

"संस्था म्हणजे वृद्धाश्रम"

वृद्धाश्रम हा या कामाचा फार छोटा भाग आहे. बहुसंख्य ज्येष्ठांना आपल्या घरातच राहायचं असतं आणि ते राहतातही. त्यांना हवी असते ती दाखल्यासाठी सोबत, औषधांची सोय, कुणी हात उचलला तर धाव घेणारं माणूस.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदतक्रमांक याच गरजेतून आला. 'एल्डरलाइन' नावाची ही सेवा टाटा ट्रस्ट्सने विजयवाहिनी चॅरिटेबल फाउंडेशनमार्फत २०१७ मध्ये हैदराबादेत सुरू केली. पुढे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने ती देशभर नेली आणि राज्याराज्यांत चालवायला संस्थांकडे दिली. महाराष्ट्रात ते काम पुण्याच्या जनसेवा फाउंडेशनकडे आलं. फोन घेणारा कार्यकर्ता माहिती देतो, धीर देतो आणि गरज पडली तर प्रत्यक्ष जागेवर माणूस पाठवला जातो. पण रस्त्यावर सोडून दिलेल्या आजींना उचलायचं तर रुग्णालय लागतं, पोलीस लागतात, निवारा लागतो, नातेवाइकांशी बोलणारं कुणी लागतं. एवढं सगळं एका छपराखाली असलेली संस्था जवळजवळ नसतेच. म्हणून या सेवेचा खरा कस फोन ठेवल्यानंतर लागतो: पुढच्या संस्थेने ते माणूस आपलं मानलं की नाही, यावर.

बंगळुरूत हे आधीच घडलं होतं. नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट आणि शहर पोलीस यांनी २००२ मध्ये ज्येष्ठांसाठी १०९० हा मदतक्रमांक एकत्र सुरू केला. तक्रार ऐकायला समुपदेशक आणि पाठीशी पोलीस, अशी ती जोडी. छळ करणारा पोटचा मुलगा असतो तेव्हा आई थेट पोलीस ठाण्यात जात नाही, समुपदेशकाशी मात्र बोलते. ही साधी गोष्ट ओळखून केलेली ती रचना आहे.

"मुलांनी सांभाळलं नाही तर नशीब. कोर्टात कोण जाणार?"

सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. त्याखालचा अर्ज दिवाणी न्यायालयात न जाता निर्वाह न्यायाधिकरणाकडे जातो. महाराष्ट्रात ते काम उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपल्या बोलण्यातले प्रांत, पाहतात. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल व्हावा, असं कायदा सांगतो; अपवाद म्हणून ३० दिवस वाढवता येतात. निर्वाहभत्त्याची कमाल रक्कम कायद्याने महिना १०,००० रुपयांपर्यंत ठेवली आहे. मूल नसलेल्या ज्येष्ठालाही मागता येतं. त्याची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा पुढे वारशाने जाणार आहे, त्याच्याकडे.

या कायद्याच्या पाचव्या कलमात एक फार मोलाची तरतूद आहे. ज्येष्ठ व्यक्ती स्वतः अर्ज करू शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था तो करू शकते. अंथरुणाला खिळलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, तालुक्याच्या गावी जायला एसटीच्या भाड्याचेही पैसे नसलेल्या माणसासाठी ही तरतूद म्हणजे दरवाजाच आहे. तो उघडायला मात्र अशी संस्था लागते जी कागद ओळखते, आणि दुसरी अशी जी त्या वस्तीतल्या माणसाला ओळखते.

याच कायद्याच्या पोटात आणखी दोन गैरसमज दडलेले असतात. "लेक लग्न होऊन गेली, तिच्यावर जबाबदारी नाही" हा पहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर महिलेच्या खटल्यात स्पष्ट केलं की विवाहित मुलीवरही वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते. तो निकाल तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेखालचा होता. २००७च्या कायद्याने मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं यांना सरळ एका ओळीत बसवलं.

दुसरा गैरसमज घराबद्दलचा: "एकदा बक्षीसपत्र केलं की संपलं." सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळ झाला नाही, तर कलम २३ नुसार तो व्यवहार रद्द होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, आईने मुलाला दिलेल्या मालमत्तेच्या प्रकरणात, या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावला. पण २०२२च्या एका निकालात त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की तशी अट होती हे दाखवावं लागतं. म्हणून अट दस्तात लिहून घेणं हेच शहाणपणाचं. तसंच, ज्येष्ठांचा हक्क वापरून सुनेला तिच्या सासरच्या घरातून सहज बाहेर काढता येत नाही, असंही न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. अशा घरात ज्येष्ठांची संस्था आणि महिलांची संस्था समोरासमोर उभ्या राहिल्या तर दोन दुबळी माणसं आपसांत लढत राहतात. दोन्ही संस्था एका टेबलावर बसल्या तर तडजोडीला जागा उरते. न्यायाधिकरणालाही समेटासाठी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवता येतं.

"वय झालं, विसरायचंच"

साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज देवनारच्याच त्या पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासातून पुढे आला. हा आजार आहे, वयाचा स्वाभाविक परिणाम नव्हे. तो ओळखला गेला नाही की घरच्यांना तो हट्ट वाटतो आणि हट्टाला उत्तर म्हणून ओरडणं, कधी मारणंही सुरू होतं. हे घरच्यांना समजावायलाही बाहेरचं कुणी, एखादी संस्था, लागते.

"दहा संस्था एकत्र आल्या की बैठकाच होतात"

ही शंका निराधार नाही. प्रत्येक संस्थेचे देणगीदार वेगळे, अहवाल वेगळे, आणि समन्वय करणाऱ्या माणसाच्या पगाराला पैसे द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. तरी केरळचं उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेची (पॅलिएटिव्ह केअरची) एक संस्था सुरू झाली. बरा न होणारा रुग्ण दवाखान्यात येऊ शकत नाही, हे लक्षात आल्यावर उत्तर केरळातल्या काही संस्थांनी मिळून मलप्पुरमपासून शेजारपाजाऱ्यांचं जाळं विणलं. गावातल्या स्वयंसेवकांना शिकवलं, परिचारिका घरोघर जाऊ लागल्या, खर्च गावाने छोट्या वर्गण्यांतून उभा केला. २००८ मध्ये केरळ सरकारने याच कामावर परिहार सेवेचं धोरण बेतलं आणि पंचायतींना त्यात जोडलं.

जागतिक पातळीवरही तेच घडतं आहे. ज्येष्ठांच्या हक्कांसाठी २०११ मध्ये बनलेली संस्थांची जागतिक आघाडी आज चारशेहून अधिक सदस्य-संस्थांची आहे. या मंडळींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ज्येष्ठांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार लिहायला घेण्याचा ठराव केला.

महाराष्ट्रात यासाठी लागणारं बरंचसं बळ तयार आहे. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि फेस्कॉम ही त्यांची राज्यव्यापी संघटना आहे. या संघांत निवृत्त बँक अधिकारी, शिक्षक, महसूल खात्यातली माणसं भेटतात. अर्ज कसा लिहायचा आणि कुठे अडतो हे त्यांना तोंडपाठ असतं. ज्यांना अर्जाची गरज आहे त्या मोलकरणी, हमाल, शेतमजूर बायका मात्र या संघांच्या सभांना क्वचितच दिसतात. त्या कामगार संघटनांकडे आणि वस्तीत काम करणाऱ्या संस्थांकडे असतात. या दोन बाजू जिथे भेटतील तिथे श्रावणबाळचा अडकलेला अर्ज हलेल, हयातीचा दाखला वेळेवर जाईल, प्रांत कार्यालयात एकट्या बाईसोबत बसायला कुणी असेल.

तेव्हा आपल्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या सभेत एवढं सुचवून पाहावं: महिन्यातला एक दिवस संघाने जवळच्या वस्तीत बसावं, तिथल्या संस्थेला बरोबर घेऊन. आणि कुणा ज्येष्ठाचे हाल कानावर आले तर १४५६७ लावावा. तो सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सातही दिवस चालू असतो आणि शेजाऱ्यानेही लावला तरी चालतो.