परवडणारा घरगुती पेस्टो

नातवंडांच्या आग्रहामुळे आम्हा बडोदेकरांच्या स्वयंपाकघरात आता पेस्टोही येऊ लागला आहे. पण तयार बाटलीची किंमत पाहिली की हात आखडतो.

पेस्टो मूळचा इटलीतील जिनोआचा. बेसिल, चिलगोजे, लसूण, मीठ, चीज आणि ऑलिव्ह तेल संगमरवरी खलात कुटून तो करतात. जिन्नस बदलला म्हणून तो खोटा ठरत नाही. १८६३ सालच्या जिनोआच्या पाकपुस्तकातही बेसिल नसल्यास दुसरा पाला चालेल असे सांगितले आहे.

आमचा हिशेब असा. ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो, तो सब्जा बेसिलच्याच जातीचा. त्याची पाने घ्यावीत. कमी पडल्यास निम्मी कोथिंबीर. चिलगोज्यांऐवजी शेंगदाणे, ऑलिव्हऐवजी सिंगतेल. अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते, म्हणून शाकाहारींनी हिरवा ठिपका पाहून साधे चीज घ्यावे.

दोन वाट्या पाने धुऊन कोरडी करावीत. पाव वाटी भाजून सोललेले शेंगदाणे, लसणाच्या दोन पाकळ्या, चीजचे दोन क्यूब आणि पाव वाटी तेल घालून मिक्सर थांबत थांबत फिरवावा. भांडे तापले तर पाने काळवंडतात. मीठ शेवटी चाखून घालावे, कारण चीज खारट असते.

पेस्टो शिजवू नये. गरम पास्त्यात, पास्ता उकडलेले थोडे पाणी घालून कालवावा. तेलात कच्चा लसूण असल्याने बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा. पोळीला लावूनही छान लागतो.