परक्या देशातील घर : विद्यार्थी आणि यजमान कुटुंब

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची राहण्याची सोय तेथील एखाद्या कुटुंबात करण्याची पद्धत आज चांगलीच रुळली आहे. त्या देशाचा पहिला ठसा विद्यार्थ्याच्या मनावर उमटतो तो बहुधा या घरातच. या पद्धतीचे एक जुने आणि बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीचा उल्लेख सर्वत्र होतो; ज्या घराचा आधार त्यामागे होता, त्याची माहिती मात्र थोड्यांनाच असते.

१८८० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता एका मिशनरी मासिकाचा अंक त्यांच्या हाती आला. पत्नीच्या शिक्षणासाठी साह्य मागणारे गोपाळराव जोशी यांचे पत्र त्यात छापलेले होते. संपादकांच्या उत्तरात धर्मांतराची अपेक्षा सूचित केलेली होती. कार्पेंटरबाईंनी तशी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. सणवार, खाणेपिणे, चालीरीती, स्त्रियांची स्थिती असे अनेक विषय त्यात आले. आनंदीबाईंच्या प्रकृतीच्या तक्रारी कळताच कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधेही धाडली. हा पत्रव्यवहार प्रत्यक्ष भेटीपूर्वी सुमारे तीन वर्षे चालला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा. पती सोबत नाहीत. कार्पेंटरबाई त्यांना रोझेलला घेऊन गेल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनने खांबांवरील तारांच्या साह्याने या छोट्याशा गावात विजेचे दिवे लावले होते. परंतु नवागताची परीक्षा अशा नवलाईच्या गोष्टींत होत नसते. ती रोजच्या ताटात आणि वस्त्रांत होते. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथील सभेत जाहीर केले होते. त्यांचा शाकाहार यजमानांच्या घरी सांभाळला गेला. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहत व थंडी बाधे, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. कार्पेंटरबाई त्यांच्या 'मावशी' झाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मागणारे २८ जून १८८३ चे पत्र आनंदीबाईंनी लिहिले ते याच वास्तव्यात.

फिलाडेल्फियास गेल्यावर हे छत्र दूर झाले. थंडी, धुरकट शेगडी, स्वतःच्या हाताने रांधणे आणि त्यावर अभ्यास यांचा प्रकृतीवर ताण पडला. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेस पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

पुढे अशा वास्तव्याला संघटित रूप आले. दोन्ही महायुद्धांत रुग्णवाहिका चालविणाऱ्या स्वयंसेवकांच्या एएफएस या संस्थेने १९४७ साली शालेय विद्यार्थ्यांची देवघेव सुरू केली. रोटरीच्या योजनेत १५ ते १९ वयोगटातील विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष परदेशी राहतात आणि बहुधा एकाहून अधिक कुटुंबांत त्यांचा मुक्काम होतो. अशा योजनांत यजमान कुटुंबाला उद्देशून विद्यार्थ्याने पत्र लिहिण्याची प्रथा आहे. आपल्याकडे हे पत्र लिहिताना विद्यार्थी, आणि त्यास साह्य करणारे शिक्षकही, गुण व बक्षिसे यांचीच यादी देण्याकडे झुकतात. यजमान गृहिणीला मात्र मुलगी अंडी खाते काय, स्वयंपाकात हात लावते काय, तिला कोणते दुखणे आहे, घरची आठवण आली म्हणजे ती बोलते की गप्प बसते, हे आधी कळलेले हवे असते.