व्हे प्रोटीन: आधी ताटातला हिशेब

प्रोटीन पावडरीबद्दल घराघरांत दोन टोकाची मतं ऐकू येतात. जिमला जाणाऱ्या मुलाला वाटतं, डबा आणल्याशिवाय अंग भरणार नाही. आईवडिलांना वाटतं, त्या डब्यात स्टेरॉइड असतं आणि त्याने किडनी जाते. दोघेही व्हे प्रोटीनला अन्न न मानता औषध मानतात, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. खरं तर व्हे दुधातूनच येतं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन असतं आणि उरलेली 20 टक्के व्हे प्रथिनं. चीज करताना रेनेट घालून दूध साकळवलं की केसीनचा गोळा होतो आणि पिवळसर पाणी, म्हणजेच व्हे, वेगळं निघतं. दहा लिटर दुधातून साधारण एक किलो चीज मिळतं. बाकी जवळजवळ सगळं हे पाणीच. पूर्वी चीजचे कारखाने ते जनावरांना पाजत, नाहीतर ओढ्यानाल्यांत सोडून देत. अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यांतून ते गाळण्याचं तंत्र आल्यावर त्यातली प्रथिनं वेगळी काढून वाळवता येऊ लागली. बाजारातल्या 80 टक्के प्रथिनाच्या ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारच्या 30 ग्रॅम भुकटीत 24 ग्रॅम प्रथिन येतं, ते असं. स्टेरॉइड ही संप्रेरकांच्या जातीची औषधं. त्यांचा आणि दुधातल्या प्रथिनांचा काहीही संबंध नाही.

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात. व्हे म्हणजे पनीरचं पाणीच ना, मग ते प्यायलं की झालं, महागडा डबा कशाला! पाणी फेकू नये हे खरंच. त्यात कणीक मळावी, आमटीत घालावं. पण त्याच्या 100 मिलिलिटरमध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसतं. 24 ग्रॅमसाठी ते अडीच-तीन लिटरहून जास्त प्यावं लागेल. शिवाय पनीर करताना दूध उकळीपर्यंत तापवलेलं असतं. त्या उष्णतेने व्हे प्रथिनांची घडी उलगडते, ती केसीनला चिकटतात आणि बरीचशी पनीरमध्येच अडकतात. म्हणजे पनीर खाणारा माणूस व्हे प्रथिनं आधीच खात असतो. गरम दुधात किंवा थालिपिठाच्या पिठात पावडर घातली तर ‘प्रथिनं मरतात’ ही भीतीही इथेच निकालात निघते. उष्णतेने घडी उलगडते, अमिनो आम्लं कायम राहतात, आणि शरीराला हवी असतात ती तीच. फार तर गुठळ्या होतील.

मग रोजच्या जेवणात पावडर हवी का? याचं उत्तर ताटावर अवलंबून आहे, आणि ताटाचा हिशेब फारसं कुणी करत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्था (एनआयएन) यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिन पुरतं, म्हणजे 60 किलोच्या बाईला सुमारे 50 ग्रॅम. आता दिवसभराचं साधं शाकाहारी जेवण घेऊ. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, सुमारे 10 ग्रॅम. तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, साडेसहा. तेवढ्याच मटकीची उसळ, पुन्हा साडेसहा. नाश्त्याचे पोहे आणि एक मूद भात मिळून सात-साडेसात. पेलाभर दूध साडेसहा, वाटीभर दही तीन, चटणीकोशिंबिरीतून 20 ग्रॅम दाणे पोटात गेले तर पाच. बेरीज 45 च्या आसपास. उसळीची एक वाटी वाढवली की प्रश्न मिटला, आणि अंडी-मासे खाणाऱ्या घरात तर तो फारसा उभाच राहत नाही. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळीत मिथिओनिन कमी, पण दोन्ही दिवसभरात खाल्ली की एकमेकांची उणीव भरून काढतात. त्यामुळे ‘डाळीचं प्रथिन अपुरं, म्हणून पावडर लागणारच’ हा प्रचारही अर्धाच खरा आहे. मात्र या बेरजेत डाळ आणि मटकी खरोखर मोजून धरली आहे. प्रत्यक्षात अनेक घरांत वरणाच्या वाटीत दहा-बारा ग्रॅमच डाळ असते, उसळ आठवड्यातून एकदा होते आणि दुधाचा पेला चहापुरता उरतो. मग तीच बेरीज तिशीत घसरते. आजी-आजोबा कुठे पावडर खात होते, या प्रश्नाचं उत्तरही त्याच बेरजेत आहे. शेतात राबणारा माणूस भाकऱ्याच इतक्या खायचा की त्यांतूनच प्रथिन बरंच मिळायचं. बैठ्या कामाने भूक कमी झाली, भाकऱ्या कमी झाल्या आणि त्यांच्याबरोबर प्रथिनही गेलं.

किडनीची भीती अशीच झटकून टाकण्यासारखी नाही, कारण तिला एक आधार आहे. प्रथिन पचल्यावर युरिया तयार होतो, तो किडनी बाहेर टाकते आणि त्यासाठी ती थोडी जास्त गाळते. हे वाढलेलं गाळणं म्हणजे इजा, असा अर्थ लावला गेला. पण निरोगी किडनी गरजेनुसार काम वाढवते. एक किडनी दान केलेल्या माणसाची उरलेली किडनी हेच करते. निरोगी प्रौढांवरच्या प्रयोगांचा 2018 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात जास्त प्रथिनामुळे किडनीचं काम बिघडल्याचं दिसलं नाही. वर्षानुवर्षं चाललेले प्रयोग मात्र थोडे आहेत, म्हणून ‘कितीही खा’ असं कुणी म्हणू नये. ज्यांची किडनी आधीच दुबळी आहे, त्यांना डॉक्टर प्रथिन आवरायला सांगतात, आणि सुरुवातीला हा आजार जाणवतच नाही. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी डबा फोडण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यावं, यात हयगय नको.

व्यायाम करणाऱ्यांच्या समजुतींबद्दल थोडक्यात. 49 प्रयोगांच्या 2018 च्या विश्लेषणात दिसलं, की जादा प्रथिनाने ताकद आणि स्नायू थोडे वाढतात, पण दर किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅमच्या पुढे स्नायूंची वाढ फारशी होत नाही. मुख्य काम वजनं उचलण्याचं. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्यायलंच पाहिजे, यालाही भक्कम पुरावा नाही; दिवसभरातलं एकूण प्रथिन जास्त महत्त्वाचं.

पावडरीवरचा एक आक्षेप वजनदार आहे. 2024 च्या आयसीएमआर-एनआयएनच्या आहार मार्गदर्शिकेनेच शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं सांगितलं आहे. अशा पावडरींत साखर, कृत्रिम गोडी आणि स्वाद असू शकतात, हे तिने दिलेलं एक कारण. बहुसंख्य लोकांसाठी तो सल्ला मला योग्य वाटतो, आणि त्याला बळ देणारी आणखी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी भारतीय बाजारातल्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या जवळपास 70 टक्के डब्यांवरचा प्रथिनाचा आकडा चुकीचा होता, आणि काहींत बुरशीचं विष आढळलं. लबाडी कशी चालते तेही बघण्यासारखं आहे. नेहमीच्या चाचणीत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं मिसळली की नायट्रोजन वाढतो, डब्यावरचा आकडा फुगतो आणि खरं व्हे तेवढं नसतं. सर्वसाधारण पावडरीच्या घटकांच्या यादीत ही नावं वेगळी दिसली तर डबा परत ठेवावा.

तरीही एका वर्गासाठी मी पावडरीची बाजू घेईन, आणि तो जिममध्ये दिसत नाही. सत्तरीच्या पुढचे शाकाहारी आजी-आजोबा: दात नाहीत, उसळीने पोट फुगतं, अर्धी पोळी आणि पातळ वरणावर दिवस निघतो. या वयात स्नायू झपाट्याने झिजतात; म्हणून वयस्करांसाठी दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिन सुचवलं जातं. व्हेमध्ये स्नायू बांधण्याचं काम सुरू करणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि ते पटकन पचतं. किडनी ठीक असेल, तर साखर आणि स्वाद नसलेली भुकटी डब्यातल्या मापाने अर्धं माप नाचणीच्या आंबिलीत किंवा कढीत कालवून देता येते. दूध पचत नसेल तर लॅक्टोज जवळपास नसलेला, ‘आयसोलेट’ नावाचा व्हेचा प्रकार घ्यावा. दुधाची खरी अॅलर्जी असेल तर मात्र आयसोलेटही चालत नाही, कारण तिथे त्रास प्रथिनाचाच असतो.