ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची; तोपर्यंत काय करायचे?

गुडघ्याचे, हर्नियाचे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरते, तारीख मिळते आणि रुग्ण घरी येतो. पुढचे काही आठवडे बहुतेक घरांत 'ऑपरेशन झाले की बघू' यातच जातात. प्रत्यक्षात जखम किती लवकर भरणार, रुग्ण कधी उठून चालणार, यातले बरेच काही याच आठवड्यांत ठरते. ऐन दिवशी साखर वाढलेली किंवा हिमोग्लोबिन फार कमी निघाले, तर ऑपरेशन पुढे ढकलले जाऊ शकते. गाडीभाडे आणि सोबत आलेल्याचा बुडालेला रोज वेगळाच.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावातून नगरचे जिल्हा रुग्णालय किंवा लोणी, शिर्डी येथील मोठी रुग्णालये गाठायची म्हणजे दिवस मोडतो. पाथर्डी, शेवगाव भागातील ऊसतोड कामगारांची अडचण आणखी वेगळी. हंगाम बुडू नये म्हणून अनेकदा तेच ऑपरेशन लांबवतात, आणि दुखणे अंगावर काढत फडात काम करतात.

आधी तंबाखू

ऑपरेशनच्या किमान 4 आठवडे आधी धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये गुंतागुंत कमी होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये स्पष्ट केले. बिडी-सिगारेट सुटली की फुप्फुसांचे काम सुधारते, जखमेला रक्तपुरवठा नीट होतो. निकोटीन मिशरीतही असते. मात्र मिशरीला व्यसन म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारले तरी 'काही नाही' असेच उत्तर मिळते. ते खरे सांगितलेले बरे.

रक्त आणि साखर

हिमोग्लोबिन महिलांमध्ये 12 आणि पुरुषांमध्ये 13 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. तो भरून यायला आठवडे लागतात, म्हणून तपासणी तारीख मिळताच करावी. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. दोन्हींत तास-दोन तासांचे अंतर ठेवून लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. बाजरीची भाकरी चांगलीच, पण जोडीला मटकी, डाळ, अंडी हवीत. अशक्त शरीराची जखम उशिरा भरते.

मधुमेहींनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी करून घ्यावी. साखर, रक्तदाबाची नेहमीची तपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात होते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नये, आणि काढा किंवा गावठी औषध चालू असेल तर तेही सांगावे.

गुडघ्याच्या रुग्णाने खाटेवर पडून राहिल्यास मांडीचे स्नायू आणखी सैल पडतात. खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, पुन्हा खाली, झेपेल तितकेच. आणखी कोणते व्यायाम चालतील, हे डॉक्टरांना विचारावे.

इंग्लंडमध्ये 2023 साली प्रतीक्षायादी 75 लाखांवर गेली, तेव्हा तिथेही वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या तयारीवर भर दिला गेला. जामखेडला ही वाट नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तेथे काम सुरू केले आणि गावातल्याच महिलांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ऑपरेशनची तारीख आज गावच्या आशाताईंना कळवली, तर पाठपुराव्याला हक्काचे माणूस मिळते.

खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयातले आरोग्यमित्र कागदपत्रे सांगतात, हेल्पलाइन 155388. काळजीने झोप उडाली असेल, तर टेलिमानसच्या 14416 वर मोफत बोलता येते.

आणि काही वेळा तारखेची वाट पाहायचीच नसते. हर्नियाची गाठ एकाएकी कडक होऊन दुखू लागली, उलट्या झाल्या, छातीत दुखले, दम लागला किंवा अचानक दिसेनासे झाले, तर 108 ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.