गावाकडच्या पोरांनी शहराचं धोरण कशाला शिकायचं? दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात, जाणून घ्या

सात-बारावर नाव वडिलांचं, जमीन आजोबांपासून कसलेली. पण गावाची नगरपंचायत झाली, विकास आराखडा निघाला आणि त्याच गटावर ‘बगीचा’ असं आरक्षण पडलं. आता विचारायचं कुणाला? तलाठी म्हणतो नगरपंचायतीत जा, नगरपंचायत म्हणते नगररचना कार्यालयात जा. चकरा मारून चप्पल झिजते, पण कागद कळत नाही.

हा कागद कसा तयार होतो, कोण ठरवतं आणि त्यावर हरकत कुठं घ्यायची, हे शिकवणारा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला नागरी धोरण किंवा अर्बन पॉलिसी म्हणतात. मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, ‘अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्स’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

पहिला धडा : शहर म्हणजे काय?

प्रश्न सोपा वाटतो, पण इथंच विद्यार्थी चक्रावतो. जनगणनेच्या हिशेबात किमान 5 हजार लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात असतील, तर ते ठिकाण ‘शहर’. मग तिथं ग्रामपंचायत असली तरी चालतं. म्हणजे एकच ठिकाण जनगणनेत शहर आणि सरकारी योजनेत खेडं असू शकतं.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली सुमारे 45 टक्के लोकसंख्या शहरी होती, देशाची सुमारे 31 टक्के. त्यामुळं हा विषय फक्त मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली की काय बदलतं?

1993 साली दोन घटनादुरुस्त्या लागू झाल्या. 73 वी गावासाठी, 74 वी शहरासाठी. गावाला ग्रामसभा मिळाली. शहराच्या दुरुस्तीत ग्रामसभेसारखी सगळ्या मतदारांची सभा नाही.

महाराष्ट्रात साधारण 10 ते 25 हजार लोकसंख्येच्या, गावाचं शहर होत चाललेल्या भागासाठी नगरपंचायतीची तरतूद आहे. 2014 नंतर अनेक तालुक्यांच्या ठिकाणी ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या. सरपंचाऐवजी नगराध्यक्ष, ग्रामसेवकाऐवजी मुख्याधिकारी आणि 17 प्रभागांचे नगरसेवक. घरकुलाची ग्रामीण योजना संपते, शहरी योजना लागू होते. फायदा काय, तोटा काय, हे वर्गात आकड्यांसह मांडावं लागतं. ज्याच्या गावात हे घडलं, त्याला तिथं सांगण्यासारखं बरंच असतं.

आरक्षण पडलं तर?

विकास आराखडे 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार होतात. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत लेखी हरकत घेता येते. ती मुदत हुकली की पुढची लढाई लांबते.

याच कायद्यातलं कलम 127 शेतकऱ्यानं लक्षात ठेवावं असं आहे. अंतिम आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली तरी जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मात्र नोटीस दिल्याशिवाय हे आपोआप होत नाही.

पुस्तकाबाहेरचा वर्ग

हा अभ्यास नुसत्या वर्गात बसून होत नाही. वस्तीत जायचं, पाणी किती वाजता येतं ते विचारायचं, महापालिकेचं बजेट वाचायचं. टिस ज्या एम-पूर्व वॉर्डात आहे, त्यातच गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या आणि देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड शहरात सर्वांत खाली होता. शहरात आलं की सगळं मिळतं, हा समज तिथं पहिल्याच फेरीत गळून पडतो. गावाकडून पोट भरायला गेलेली माणसं तिथंच भेटतात.

शेवटी प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी मुंबईच निवडायची गरज नसते. आपल्या तालुक्याचा आठवडी बाजार, कचरा डेपो, पाणीयोजना हेही विषय होऊ शकतात.

अवघड काय जातं?

इंग्रजी. वाचायचं ते बहुतेक इंग्रजीत आणि पानंच्या पानं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे पहिले काही महिने डिक्शनरी शोधण्यातच जातात. वर्गात तोंड उघडायला धीर होत नाही. पण फेरफार, गावठाण, गायरान हे शब्द निघाले की चित्र पालटतं. शहरात वाढलेल्या मुलांना ते समजून घ्यावे लागतात, गावाकडच्याला ते घरातूनच माहीत असतात.

दुसरी अडचण पैशांची. मुंबईचा खर्च साधा नाही. पात्र विद्यार्थ्यांनी महाडीबीटी पोर्टलवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती बघावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवावा.

प्रवेश आणि पुढची वाट

प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. अर्ज भरण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीची पात्रता आणि फी तपासावी.

एक गैरसमज दूर करायला हवा. ही पदवी घेतली म्हणून कुणी नगररचनाकार होत नाही, त्याला नियोजन किंवा अभियांत्रिकीकडचं शिक्षण लागतं. मुख्याधिकारी व्हायचं तर एमपीएससी द्यावीच लागते. संशोधन संस्था, सामाजिक संस्था, पालिकांचे प्रकल्प इथं मात्र या अभ्यासाला काम मिळू शकतं.

नोकरी कुठंही लागो. पुढच्या वेळी आराखड्याचा नकाशा नगरपंचायतीच्या भिंतीवर लागेल, तेव्हा तो वाचून मुदतीत हरकत लिहून देणारं एक तरी पोरगं गावात असलं, तर पुष्कळांच्या चकरा वाचतील.