मूर्तिजापूर आलं की गाडी बंद!

अमरावतीला माझ्या मामांकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ सालापर्यंत धावली, तीच गाडी. तिचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं. ते थकलं तेव्हा मामांनी त्याच कंपनीच्या ११८ एनई गाडीचं ११७१ सीसीचं इंजिन तिच्यात बसवून घेतलं आणि आरटीओत नोंदही केली. गंमत म्हणजे ११८ एनई ही स्वतःच जोडाजोडीची गाडी. अंग इटलीच्या फियाट १२४ चं, इंजिन जपानच्या निस्सानचं!

पण ही गाडी अकोल्याच्या वाटेवर दगा देऊ लागली. बडनेरा मागे पडेपर्यंत ठीक. मूर्तिजापूर जवळ आलं की झटके, सायलेन्सरमधून फट् फट्, आणि बंद. अर्ध्या तासानं मात्र आपोआप सुरू! तीन गॅरेज झाली. एकानं प्लग बदलले, दुसऱ्यानं कार्बोरेटर धुतला, तिसऱ्यानं पेट्रोलला शिव्या घातल्या. मामा वैतागले. "आता भंगारातच देतो बापा!"

मामांची नात सहावीत आहे. गाडीवर तिचा भारी जीव. ती आधी रडली, मग तिनं वही काढली. निघालो किती वाजता, बंद कुठे पडली, सुरू किती वेळानं झाली. चार-पाच फेऱ्यांत एक गोष्ट दिसली. सकाळी सहाला निघालं तर गाडी बोरगाव मंजूपर्यंत पोचते, दुपारी मूर्तिजापूर गाठता गाठता मरते.

अकोल्याच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बोनेट उघडण्याआधी ती वही वाचली. "पोरी, तुह्या वहीनं माहं अर्धं काम केलं," ते म्हणाले. "गरम झाली का मरते, थंडी झाली का जगते. म्हंजे पेट्रोल नाईतर कॉइल."

आता कॉइल म्हणजे काय, ते पाहू. बॅटरी असते १२ व्होल्टची. तेवढ्यानं प्लगमध्ये ठिणगी उडत नाही. कॉइल त्या १२ व्होल्टचे कित्येक हजार व्होल्ट करते आणि डिस्ट्रिब्युटर ते चार प्लगना पाळीपाळीनं वाटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. एक प्लग खराब असेल तर एकच सिलिंडर मिस मारतो. कॉइल मात्र चौघांत एकच. ती थकली की चारही गप्प.

मिस्त्रींनी गाडी मुद्दाम भर मे महिन्यात, दुपारी दोनला रस्त्यावर काढली. ठरल्याप्रमाणे ती बंद पडली. उन्हानं पेट्रोलची वाफ झाली तरी गाडी अशीच थांबते, म्हणून त्यांनी आधी ओला दुपट्टा पेट्रोलच्या पंपावर ठेवला. काही फरक नाही. प्लग काढून ठिणगी पाहिली. पिवळट, मरगळलेली. मग तोच दुपट्टा घट्ट पिळून, वायरचं तोंड कोरडं ठेवून, कॉइलभोवती गुंडाळला. कॉइल तव्यासारखी तापली होती. दहा मिनिटांनी ठिणगी निळी, टणक. गाडी सुरू! (हे तुम्ही मुळीच करून पाहायचं नाही. हजारो व्होल्टचा खेळ आहे तो.)

पण कॉइल तापते काहून? खरी मेख इथेच होती. इंजिनासोबत आलेली कॉइल १.५ ओहमची निघाली. तिच्या वाटेत आणखी १.५ ओहमचा एक रेझिस्टर हवा होता. चिनीमातीचा पांढरा तुकडा, बोटाएवढा. इंजिन बदलताना तो राहूनच गेला. हिशेब करा: १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. रेझिस्टर नसेल तर १२ भागिले १.५, म्हणजे ८ अँपिअर. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते! तापलेल्या कॉइलमध्ये बारीक तारांवरचं आवरण दम सोडतं आणि करंट आतल्या आत फुटतो. त्यात वऱ्हाडचा उन्हाळा. तिथं बिचारी कॉइल काय करणार?

नवी कॉइल आणि तो तुकडा बसला. मीटरच्या तारा मिस्त्रींनी नातीच्याच हाती दिल्या होत्या. तिनं ओहम मोजले आणि वहीत लिहून ठेवले. त्यानंतर गाडी दुपारी तीनदा अकोल्याला जाऊन आली. भंगारवाला अजून अधूनमधून फाटकाशी येऊन विचारून जातो.